अप टाइम ११ दिवस

बाबांचा फोन सहसा संध्याकाळी येतो, सातच्या बातम्यांच्या आधी. २०२२ च्या पावसाळ्यात एकदा सकाळी साडेनऊला आला. काहीतरी झालंय म्हणून मीटिंगमधून उठून बाहेर आले.

"अगं, तुमचा फोन परत परत नाव दाखवतोय."

'तुमचा' म्हणजे आमच्या कंपनीचा. मी ज्या टीममध्ये आहे ती टीम फोनच्या अँड्रॉइडमधला फ्रेमवर्कचा, म्हणजे अ‍ॅप्सच्या खालचा, भाग सांभाळते, आणि बाबांच्या हातात मीच दिलेला, ३ जीबी रॅमचा, त्या वर्षीचा सगळ्यात स्वस्त फोन. महिनाभरापूर्वी त्यावर अँड्रॉइड १२ चं अपडेट गेलं होतं. त्या अपडेटमध्ये माझा कोड होता, बराच.

"बंद होऊन चालू होतोय, की नुसतं नाव फिरतंय?"

"बंद करून चालू केला की आधी तो स्थिर शिक्का येतो ना, तो येत नाही. एकदम फिरणारं नाव येतं. आज दोनदा झालं. काल एकदा."

बाबांनी मिरज जंक्शनला एकतीस वर्षं सिग्नल मेंटेनर म्हणून काम केलंय. 'फोन खराब झालाय' असं ते कधी म्हणणार नाहीत. काय दिसलं, किती वेळा दिसलं, एवढंच सांगतील. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बग रिपोर्टांत इतकीसुद्धा माहिती नसते.

मी त्यांना सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून खाली 'अप टाइम' शोधायला सांगितलं. पाच मिनिटं गेली. मग आकडा आला: दोनशे चौसष्ट तास आणि काही मिनिटं. अकरा दिवस. सकाळपासून दोनदा 'रीस्टार्ट' झालेला फोन म्हणतोय मी अकरा दिवस सलग चालू आहे. आणि तो खोटं बोलत नव्हता. तो आकडा कर्नलचा, म्हणजे सगळ्याच्या तळाशी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा असतो. कर्नल जिवंत होता, बॅटरी ठीक होती. मेला होता तो सिस्टम सर्व्हर. अशा तक्रारीवर सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून देतात, आणि चार दिवसांनी गिऱ्हाईक परत येतं.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडमध्ये झायगोट नावाची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) सगळ्या अ‍ॅप्सना जन्म देते, आणि सगळ्यात आधी जन्म देते सिस्टम सर्व्हरला. कुठलं अ‍ॅप चालू आहे, कुठली विंडो वर आहे, कुठलं पॅकेज इन्स्टॉल झालंय, अलार्म कधी वाजणार, नोटिफिकेशन कुणाला दाखवायचं, या शंभरावर सेवा त्या एकाच प्रोसेसमध्ये राहतात. एक अडकली तर घर सगळ्यांचंच पडतं. सुरू होताना त्या टप्प्याटप्प्याने उठतात: आधी 'बूटस्ट्रॅप', मग 'कोअर', मग 'अदर'. या 'अदर'ची मला कायम गंमत वाटते. कोअरमध्ये बॅटरी, वापराची नोंद वगैरे मोजकी मंडळी, आणि जिच्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही ती विंडो मॅनेजर सर्व्हिस 'इतर'मध्ये. हे 'अदर' उठवणारी एकच मेथड, म्हणजे कोडचा एक तुकडा, हजाराहून जास्त ओळींची आहे. आईच्या हिशेबाच्या वहीत 'इतर खर्च' हाच सगळ्यात मोठा आकडा असायचा, तसं.

आमचं दुखणं निराळं होतं आणि आम्हीच ओढवून घेतलं होतं. फोन बनवणारी प्रत्येक कंपनी मूळ अँड्रॉइडवर आपले टाके घालते. आमचा सगळ्यात मोठा टाका म्हणजे 'ऑटोस्टार्ट': कुठल्या अ‍ॅपने पाठीमागे आपोआप उठायचं आणि कुठल्याने नाही, ते ठरवणारी यादी. मी रुजू झाले तेव्हा ते फीचर अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर सर्व्हिसच्या (अ‍ॅप्स सुरू-बंद करणाऱ्या सेवेच्या) पोटात जागोजागी शिवलेलं होतं. इथे एक इफ ('असं असेल तर' अशी अट), तिथे एक इफ, ब्रॉडकास्टच्या, म्हणजे अ‍ॅप्सना पाठवायच्या सूचनांच्या, रांगेत चार, सर्व्हिस सुरू करण्याच्या वाटेवर सहा. ज्याने घातले तो केव्हाच दुसरीकडे गेलेला. वर प्रत्येक टाक्याला कंपनीच्या नावाने 'सुरुवात' आणि 'शेवट' अशी कॉमेंट, सापडायला सोपं जावं म्हणून. सापडायचेही. कळायचे नाहीत.

मूळ कोड स्थिर असता तर हेही चाललं असतं. पण तो हलत होता, आणि योग्य कारणासाठी हलत होता. अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरची फाइल एकेकाळी वीस हजार ओळींच्या वर गेली होती, पॅकेज मॅनेजरचीही तीच तऱ्हा. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हा अ‍ॅक्टिव्हिटीचा, म्हणजे अ‍ॅपच्या एकेका स्क्रीनचा, सगळा कारभार उचलून अ‍ॅक्टिव्हिटी टास्क मॅनेजर या नव्या सर्व्हिसमध्ये, विंडो मॅनेजरच्या घरात नेला. कारणही सरळ होतं. एकाच स्क्रीनची एक नोंद अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजर ठेवायचा, दुसरी विंडो मॅनेजर, आणि दोन वह्या जुळवता जुळवता बग निघायचे. पुढच्या वर्षी, अँड्रॉइड ११ मध्ये, त्या दोन नोंदींची एकच केली. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ ने प्रोसेसची नोंद ठेवणारा क्लास फोडून त्याचे सहा-सात तुकडे केले, आणि एका वेळी एकालाच नोंदींना हात लावू देणाऱ्या मोठ्या लॉकच्या जोडीला प्रोसेसपुरतं दुसरं छोटं लॉक आणलं.

या लॉकांची माहिती मेथडच्या नावातच लिहायची पद्धत आहे. नाव 'लॉक्ड'ने संपलं की समजायचं, मोठं लॉक हातात घेऊनच इथे यायचं. पॅकेज मॅनेजरमध्ये 'एलपीआर' म्हणजे पॅकेजचं लॉक वाचण्यापुरतं, 'एलपीडब्ल्यू' म्हणजे लिहिण्यासाठी. अँड्रॉइड १२ मध्ये अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरमध्ये 'एलओएसपी' आलं: दोनपैकी कुठलंही एक चालेल. 'एलएसपी': दोन्ही हवीत. नवीन मुलगा टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात मी त्याला ही अक्षरं पाठ करायला लावते. मुलं हसतात. नंतर हसत नाहीत.

तर अँड्रॉइड १२ चा मर्ज, म्हणजे नव्या मूळ कोडमध्ये आमचे टाके मिसळायचं काम, करायला बसलो आणि आमच्या टाक्यांखालचं कापडच जाग्यावर नव्हतं. ज्या ओळीला टाका होता ती ओळ दुसऱ्या फाइलमध्ये, ज्या फील्डवर इफ होता ते फील्ड आता एका गेटरच्या मागे. तीन आठवडे नुसते कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन कोड जुळत नाहीत त्या जागा, सोडवले. मग मी मॅनेजरला म्हटलं, दर वर्षी हेच करायचं तर यंदा ते फीचर बाहेरच काढते. सिस्टम सर्व्हरमध्येच, पण आपली स्वतंत्र सर्व्हिस, आपली फाइल, आपलं लॉक. मूळ कोडमध्ये फक्त तीन जागी एकेक ओळ: 'ह्या अ‍ॅपला उठू देऊ का?' उत्तर हो किंवा नाही. त्यांनी विचारलं, नवीन काय दिसेल? काहीच दिसणार नाही, म्हटलं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. तरी सहा आठवडे दिले, हे त्यांचे उपकार.

कोड उचलून दुसरीकडे ठेवणं हे हमालीचं काम वाटतं. मलाही वाटत होतं. पण या घरात कोड कुठे उभा आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि हे मला दोन तडाखे खाऊन कळलं.

पहिला तडाखा सुदैवाने ऑफिसातच बसला. जुन्या कोडमध्ये यादी बदलण्याआधी परवानगी तपासायचे: ही विनंती करणारं अ‍ॅप कोण आहे? अ‍ॅपकडून सिस्टम सर्व्हरकडे येणारी हाक बाइंडर नावाच्या निरोप्यामार्फत येते, आणि हाक मारणाऱ्याचा युआयडी (ओळख क्रमांक) त्या थ्रेडपुरता, म्हणजे प्रोसेसमधल्या कामाच्या त्या एका धाग्यापुरता, सोबत असतो. मी नव्या सर्व्हिसला तिचा वेगळा हँडलर थ्रेड दिला आणि सगळं काम, तपासणीसकट, त्या थ्रेडवर ढकललं. ओळी त्याच, क्रम तोच, एक अक्षर बदललं नाही. पण त्या थ्रेडवर बाइंडरची हाक चालू नसते. तिथे 'कोण बोलावतंय' असं विचारलं की उत्तर येतं, 'तूच'. म्हणजे सिस्टम. युआयडी १०००. आणि सिस्टमला सगळ्याच परवानग्या असतात. थोडक्यात, फोनमधलं कुठलंही सोम्यागोम्या अ‍ॅप आता स्वतःला ऑटोस्टार्टच्या यादीत घालू शकत होतं, आणि आमची तपासणी दर वेळी मान डोलवून 'या साहेब' म्हणत होती.

टेस्ट सगळ्या हिरव्या. फोन अँड्रॉइडशी सुसंगत आहे का ते तपासणाऱ्या गूगलच्या सीटीएस टेस्टना आमची सर्व्हिस अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, त्या कशाला बोलतील? आणि आमच्या युनिट टेस्टमध्ये हाक मारणारा खोटा, आम्हीच ठरवलेला. हे पकडलं आमच्या टीममधल्या नागपूरच्या मुलीने, जिला येऊन चार महिने झाले होते. कोड वाचून नाही. तिने वीस ओळींचं एक भिकार अ‍ॅप लिहिलं, कुठलीही परवानगी न मागता सर्व्हिसला हाक मारली, आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "मॅडम, हे 'नाही' म्हणायला पाहिजे होतं ना?" मी जेवायचा डबा उघडला होता. तो तसाच बंद केला.

दुरुस्ती दोन ओळींची: युआयडी बाइंडरच्या थ्रेडवर असतानाच टिपून घ्यायचा, तपासणी तिथेच करायची, मगच काम पुढे ढकलायचं. याचा एक जुळा भाऊही आहे. सिस्टमने स्वतःच्या अधिकाराने काही करायचं असेल तर हाक मारणाऱ्याची ओळख तात्पुरती पुसून टाकायची मेथड असते. काम झालं की ओळख परत लावायची. रीफॅक्टर करताना, म्हणजे वागणं तेच ठेवून कोडची मांडणी बदलताना, एखादी तपासणी घसरून त्या पुसण्याच्या खाली गेली, की हाच प्रकार. तेव्हापासून रिव्ह्यूमध्ये मी डिफ (कुठल्या ओळी बदलल्या ते) बघतच नाही आधी. ती ओळ आधी कुठल्या थ्रेडवर होती आणि आता कुठल्या, ते कागदावर लिहून काढते. वेळ लागतो. मुलं कंटाळतात.

दुसरा तडाखा बाबांच्या फोनवर.

सिस्टम सर्व्हरवर लक्ष ठेवायला त्याच्यातच एक वॉचडॉग असतो. महत्त्वाचे थ्रेड हलताहेत का आणि मोठी लॉकं मिळताहेत का, हे तो सतत चाचपून बघतो. ३० सेकंद काही हललं नाही तर सगळ्या थ्रेडांचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद, फाइलमध्ये ओतून ठेवतो. ६० सेकंद झाले की आणखी एकदा ओततो आणि सिस्टम सर्व्हरला ठार मारतो. त्याच्यामागोमाग झायगोट जातो, सगळी अ‍ॅप्स जातात, आणि इनिट ही सगळ्यात पहिली प्रोसेस सगळं पहिल्यापासून उभं करते. बाबांना दिसणारं फिरतं नाव ते हेच.

त्या शनिवारी सकाळच्या कोयनेने मिरजेला गेले. लॅपटॉप, केबल. बाबांनी चहा ठेवला आणि मी बगरिपोर्ट (फोनने ठेवलेल्या नोंदींची फाइल) काढला. वॉचडॉगची ओळ होती: अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरच्या लॉकवर फोरग्राउंड थ्रेड अडकलाय. ते लॉक कुणाकडे आहे ते शोधत गेले. एका बाइंडर थ्रेडकडे. तो काय करतोय? नवी प्रोसेस सुरू करायच्या वाटेवर आहे, आणि माझी नवी सर्व्हिस तिला उठू देते का याची वाट बघतोय. म्हणजे माझं लॉक त्याला हवंय. माझं लॉक कुणाकडे? दुसऱ्या थ्रेडकडे, जो यादीतून एक अ‍ॅप काढतोय, आणि काढल्याबरोबर ते बळजबरीने बंद करायला अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरचं लॉक मागतोय. पहिल्याने धरलेलं. तीस सेकंदांनंतरचे स्टॅक बघितले: दोघेही त्याच ओळीवर, शिळा होऊन. मागे बाकीचे थ्रेड एकेक करून रांगेत. सिस्टम सर्व्हरला बाइंडरचे ३१ थ्रेड मिळतात. साठ सेकंदांत त्यातले जवळजवळ सगळे तिथे उभे होते.

जुन्या कोडमध्ये हे होणं शक्यच नव्हतं. तेव्हा एकच मोठं लॉक होतं. मी फीचर बाहेर काढलं, त्याला ऐटीत स्वतःचं लॉक दिलं, आणि एकाचे दोन केल्यावर क्रम नावाची गोष्ट जन्माला येते हे विसरले. विसरले म्हणजे अगदी विसरले नव्हते. फाइलच्या डोक्यावर मीच कॉमेंट लिहिली होती: आमचं लॉक धरून अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरला हाक मारू नये. खाली चारशे ओळींवर मीच मारली होती.

पण लाखभर फोनांत हे बाबांच्याच फोनवर तीनदा कसं? विचारलं, गेले दोन दिवस फोनवर काय करताय? शेजारच्या काकांनी सांगितलं होतं की ऑटोस्टार्टच्या यादीतली सगळी अ‍ॅप्स बंद केली की बॅटरी टिकते. म्हणून बाबा रोज सकाळी चहाबरोबर एकेक बटण बंद करत बसायचे, पंधरा-वीस, एका मागोमाग एक, आणि मध्येच व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात येत असायचे. आमच्या टेस्ट लॅबमध्ये इतक्या निष्ठेने ते बटण कुणी दाबलं नव्हतं.

मी त्यांना वहीच्या पाठीमागे दोन चौकोन काढून दाखवलं. अर्ध्यातच ते म्हणाले, "म्हणजे दोन गाड्या, एकेकीकडे एकेक गोळा, आणि दोघींना दुसरीचा गोळा पाहिजे."

गोळा म्हणजे टोकन. सिंगल लाइनवर पूर्वी ब्लॉक सेक्शनमध्ये शिरायचं तर ड्रायव्हरच्या हातात त्या सेक्शनचा गोळा लागायचा. दोन्ही स्टेशनांवर एकमेकांशी जोडलेली यंत्रं, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नाही.

"पण हे होईल कसं? यंत्र गोळा सोडणारच नाही."

"आमच्याकडे तसं यंत्र नाही, बाबा."

"मग तुम्ही काय करता?"

"वर कॉमेंट लिहितो. हे धरून ते धरू नका म्हणून."

बाबांनी चष्मा काढला. "पाटी वाचून गाडी थांबते होय?"

आई आतून म्हणाली, त्याला खाऊ दे आधी. 'त्याला' म्हणजे मला. आईला सवय आहे.

दुरुस्ती मी तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिली. पॅकेज मॅनेजरने अँड्रॉइड १२ मध्ये जी युक्ती केलीय तिचीच छोटी आवृत्ती: वाचणाऱ्याला लॉक द्यायचंच नाही. यादीचा एक न बदलणारा फोटो काढून ठेवायचा. 'उठू देऊ का' विचारणारा तो फोटो बघतो आणि जातो. यादी बदलायची असेल तर बाजूला नवी तयार करून, शेवटी एका झटक्यात फोटो बदलायचा. विचारणारा क्वचित एखाद्या क्षणाने जुना फोटो बघेल. ऑटोस्टार्टच्या बाबतीत त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आणि अ‍ॅप बंद करायची हाक लॉक सोडल्यानंतरच मारायची. सगळा बदल चाळीस ओळींच्या आत. सोमवारी आणखी एक काम केलं: अ‍ॅक्टिव्हिटी मॅनेजरला हाक मारणारी प्रत्येक वाट आता आधी तपासते की या थ्रेडच्या हातात आमचं लॉक आहे का, आणि असेल तर डीबग बिल्डमध्ये (आमच्या चाचणीच्या आवृत्तीत) जागीच क्रॅश होते. जावाला हे विचारता येतं, एका ओळीचं काम आहे. पहिल्याच रात्रीच्या टेस्टमध्ये आणखी दोन जागा सापडल्या. एक माझीच.

फोनवर गोष्टी सांगण्याची बाबांची पद्धतही तेव्हापासून बदलली. रविवारी तब्येतीचं बोलून झालं की ते अप टाइम वाचून दाखवतात, बीपीसारखा. तो आकडा सिस्टम सर्व्हर मेल्याचं सांगत नाही हे मी दोनदा समजावलं. "माहीत आहे. नाव फिरलं तर वेगळं सांगेन," म्हणाले.

२०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आलं, ब्रॉडकास्टच्या रांगेचं कामच त्यात नव्याने लिहिलेलं. आधीच्या पद्धतीने मर्ज करायचा असता तर माझी दिवाळी ऑफिसात गेली असती. ऑटोस्टार्टच्या तीन ओळी दुपारी जेवणाआधी लागल्या. मॅनेजरने विचारलं, एवढंच? एवढंच.

सगळेच टाके काही निघालेले नाहीत. स्क्रीन चालू होण्याच्या वाटेवर आमचा एक इफ अजून आहे, त्यात दोनशे मिलिसेकंद थांबायला सांगितलंय, आणि वर कॉमेंट: 'काढू नये, कॅमेरा.' कुठला कॅमेरा, कुठल्या मॉडेलचा, काही नाही. २०१६ ची आहे. दर वर्षी मी ती ओळ काढायला घेते, त्या कॉमेंटकडे बघते आणि मर्ज करून पुढे जाते. नागपूरची मुलगी आता सीनियर आहे, यंदा तिने ती काढून बघायचं ठरवलंय. मी तिला म्हटलं, माझ्या रजेच्या आठवड्यात नको.

गेल्या मंगळवारी बाबांचा फोन आला, पुन्हा सकाळी. "आकडा चार तासांवर आलाय गं."

चार तास म्हणजे कर्नलच गेला. पोटात गोळा आला. नाव फिरलं का, आधी स्थिर शिक्का आला का, गरम झाला होता का, सगळं एका दमात विचारलं.

"काही नाही गं, रात्री लाइट गेली होती. चार्जिंगच संपलं."